अक्षरांचा पाऊस आणि वाचकाचा देह

कॅमिल अटरबॅक आणि रोमी अखितुव यांच्या ‘टेक्स्ट रेन’ (१९९९) सारख्या मांडणशिल्पांविषयी लिहिताना ‘वाचक हाच कवितेचा सहनिर्माता’ असे विधान सहज केले जाते. ते तपासून घेणे आवश्यक आहे. येथे पडद्यावर प्रेक्षकाची कॅमेऱ्याने टिपलेली प्रतिमा दिसते आणि वरून इव्हान झिमरोथ यांच्या कवितेतील ओळी अक्षराअक्षराने गळत राहतात. (रोमन लिपीतील वर्ण सुटे असल्याने हे साधते, देवनागरीत गळणारे एकक कोणते, हेच आधी ठरवावे लागेल.) हात पसरला की अक्षरे त्यावर थांबतात, काढला की पुन्हा खाली येतात. पुरेशी साठली तर एखादा शब्द, क्वचित वाक्खंड वाचता येतो. परंतु संगणक वाचकाला ओळखत नाही. ठरावीक मर्यादेहून गडद असे काहीही त्याला पुरते. हात आणि उघडलेली छत्री यांत तो भेद करीत नाही. शब्द तर आधीच ठरलेले असतात. म्हणजे वाचकाला येथे लाभते ते कर्तृत्व नव्हे, केवळ विलंब घडवण्याची शक्ती.

रोलां बार्थ यांनी ‘लेखकाच्या मृत्यू’च्या मांडणीत कल्पिलेल्या वाचकाला चरित्र नव्हते, देहही नव्हता. या कलाकृतीतील वाचकाला देहच तेवढा आहे, आणि तिचे मोल येथेच शोधावे लागते. छापील पानावर अदृश्य राहणारे वाचनाचे श्रम येथे दिसू लागतात: ओळ धरून ठेवायची तर हात अवघडतो. मूळ कविताच देह आणि भाषा यांविषयीची असल्यामुळे हा ताण तिला बाहेरून चिकटवलेला वाटत नाही. अक्षरे झेलण्याच्या खेळात रमलेल्या प्रेक्षकापर्यंत मात्र तो पोचेलच असे नाही.