थायरॉइड कॅन्सर खरंच १५ पट वाढला का? एक छोटा पेपर, नीट वाचून

पीएचडीची तयारी करणाऱ्यांना एपिडेमिऑलॉजीतला एकच पेपर सुचवायचा झाला, तर मी आह्न, किम आणि वेल्च यांचा दक्षिण कोरियावरचा लेख सुचवेन. २०१४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला हा लेख जेमतेम दोन-तीन पानांचा आहे. गणित सोपं आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष हजारो लोकांच्या गळ्यावरच्या शस्त्रक्रियेशी जोडलेला आहे.

आधी आकडे बघू. कोरियात २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचा दर १९९३ च्या १५ पट झाला होता. त्या एका वर्षात ४०,००० हून जास्त लोकांना हे निदान मिळालं. मृत्यू मात्र वर्षाला ३०० ते ४०० च्या दरम्यानच राहिले. रोग एवढा वाढला आणि मृत्यू जागचे हलले नाहीत, हे कसं?

लेखकांचं उत्तर असं: रोग नाही, शोध वाढला. १९९९ मध्ये तिथे सरकारी कॅन्सर तपासणी योजना सुरू झाली. थायरॉइड त्यात नव्हता, पण अनेक रुग्णालयं थोडे जास्त पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफीही करून देऊ लागली. सापडलेल्या जवळपास सगळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. मग काहींचा आवाज बिघडला, काहींचं कॅल्शियम, आणि बहुतेकांच्या मागे कायमची गोळी लागली.

आता प्रकारांकडे या. पॅपिलरी, फॉलिक्युलर, मेड्युलरी आणि ॲनाप्लास्टिक हे चार मुख्य. पॅपिलरी सर्वात जास्त आढळतो आणि बहुतेकदा फार हळू वाढतो. कोरियातली वाढ जवळपास सगळी याच प्रकाराची. फिनलंडमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०१ शवविच्छेदनांपैकी ३६ मध्ये असा लपलेला पॅपिलरी कॅन्सर सापडला होता. म्हणजे आयुष्यभर त्रास न देणाऱ्या गाठींचा साठा माणसांत आधीपासून असतोच. बारीक बघाल तेवढ्या सापडतील.

पण इथे घाई करू नका. 'फक्त पॅपिलरी वाढला म्हणजे जास्तीचं निदान' हे वाक्य अनेक सिनॉप्सिसमध्ये दिसतं आणि ते अपुरं आहे. चेर्नोबिलनंतर लहान मुलांमध्ये वाढला तोही मुख्यतः पॅपिलरीच, आणि तिथे किरणोत्सर्गाचं कारण खरं होतं. एकटा प्रकार काहीच सिद्ध करत नाही. कोरियाचा लेख पटतो कारण त्यात धागे एकत्र येतात: प्रकार, स्थिर मृत्युदर आणि देशाच्या १६ विभागांत जिथे तपासणी जास्त तिथे निदानही जास्त.

लेखाची कमजोरीही सांगायला हवी. विभागवार तुलना ही गटांची तुलना आहे; कोणत्या व्यक्तीची गाठ वाढली असती, ते त्यातून कळत नाही. शिवाय 'वेळेवर उपचार झाले म्हणून मृत्यू वाढले नाहीत' हा आक्षेप या आकड्यांनी पूर्ण मिटत नाही. त्याचं बरंचसं उत्तर पुढे मिळालं. २०१४ मध्ये काही डॉक्टरांनी उघडपणे या तपासणीला विरोध केला आणि शस्त्रक्रिया २०१३ च्या सुमारे ४३,००० वरून वर्षभरात सुमारे २८,००० वर आल्या. निदानांचा आकडाही घसरला. खरा रोग वर्तमानपत्रातली चर्चा वाचून असा कमी होत नाही.

तरीही कोरियाचं उत्तर सगळीकडे चिकटवता येत नाही. अमेरिकेच्या नोंदींवरच्या २०१७ च्या एका अभ्यासात १९९४ ते २०१३ या काळात थायरॉइड कॅन्सरचे मृत्यूही वर्षाला सुमारे १.१ टक्के वाढलेले दिसले. तिथे सगळी वाढ सोनोग्राफीच्या माथी मारणं अवघड आहे.

आपल्याकडचा विषय घेणाऱ्यांसाठी यात थेट धडा आहे. एका रुग्णालयाच्या पाच वर्षांच्या फायली काढून 'आमच्या भागात थायरॉइड कॅन्सर वाढतोय' असं लिहू नका. त्या फायलींतून प्रकारांचं प्रमाण कळेल, लोकसंख्येतला दर नाही. कारण भागाकाराला खाली लिहायची लोकसंख्याच तुमच्याकडे नसते. त्यासाठी लोकसंख्येवर आधारित नोंदणी लागते. मुंबईची १९६३ पासून आहे, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून. दर मिळाला की लगेच विचारा: मृत्युदर काय म्हणतो? गाठींचा आकार लहान होत गेलाय का? त्या काळात सोनोग्राफी मशिनं किती वाढली?

आणि पाच वर्षांच्या सर्व्हायव्हलवर तर मुळीच भाळू नका. निरुपद्रवी गाठी जेवढ्या जास्त शोधाल, तेवढा तो आकडा आपोआप १०० च्या जवळ जातो. त्यात एकही जीव वाचलेला असेलच असं नाही. गाईडने हा आकडा टाकायला सांगितला तर टाका, पण शेजारी मृत्युदराचा कॉलम ठेवा. व्हायवात प्रश्न तिथूनच येणार आहे.