मातीची परिभाषा आणि मृत्कलेची प्रदर्शने

2017 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या पिरामल कलासंग्रहालयात स्वातंत्र्योत्तर भारतीय मृत्कलेचे जे प्रदर्शन भरले, त्याचे नाव ‘म्यूटेबल : सिरॅमिक अँड क्ले आर्ट इन इंडिया सिन्स 1947’ असे होते. या नावातील ‘अँड’ हे उभयान्वयी अव्यय विचार करावयास लावणारे आहे. क्ले म्हणजे माती आणि सिरॅमिक म्हणजे अग्निसंस्काराने कठीण झालेली माती. एकाच द्रव्याच्या दोन अवस्थांमध्ये अव्यय घालण्याची गरज का भासावी? याचे कारण उघड आहे. प्रचलित व्यवहारात हे दोन शब्द दोन अवस्थांचे वाचक राहिलेले नसून दोन वर्गांचे वाचक बनले आहेत. सिरॅमिक म्हटले की स्टुडिओत काम करणारा, नावाने ओळखला जाणारा कलाकार डोळ्यांपुढे येतो. क्ले म्हटले की गावोगावचा कुंभार. अन्नपूर्णा गरिमेला आणि सिंधुरा डी. एम. या संयोजकांनी हे दोन्ही वर्ग एका छताखाली आणले, हे त्या प्रदर्शनाचे मोठेच श्रेय होय. परंतु नावातील अव्ययाने जोडकामाचा सांधा उघडा ठेवला, आणि तो झाकला गेला नाही हेही एका अर्थी प्रामाणिकपणाचेच झाले.

पुढल्याच वर्षी, 2018 च्या ऑगस्टअखेरीस, जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भारतीय सिरॅमिक्स त्रैवार्षिक प्रदर्शनाची पहिली आवृत्ती ‘ब्रेकिंग ग्राउंड’ या नावाने सुरू झाली. दुसरी आवृत्ती ‘कॉमन ग्राउंड’ या नावाने 2024 च्या जानेवारीत दिल्लीच्या अर्थशिला येथे सुरू झाली. (त्रैवार्षिक म्हणविणाऱ्या उपक्रमाच्या दोन आवृत्त्यांत पाच वर्षांहून अधिक काळ गेला, मध्ये महासाथीचा काळ येऊन गेला, हे ध्यानात घेतले पाहिजे.) स्वतः मातीत हात असणाऱ्या कलाकारांनीच उभारलेला हा उपक्रम असल्याने प्रदर्शनाच्या जोडीला व्याख्याने आणि प्रात्यक्षिके यांनाही त्यात स्थान मिळाले. चौथऱ्यावर ठेवावयाच्या भांड्याच्या मर्यादेतून माती बाहेर पडली व तिने सबंध दालने व्यापली, ही या उपक्रमाची निर्विवाद कमाई आहे. मात्र भांडे मागे पडताना भांड्याची भाषाही मागे पडली. प्रस्तुत विवेचनाचा रोख त्या हानीवर आहे.

‘ग्राउंड’ या शब्दावरील श्लेष मराठीत उतरत नाही. इंग्रजीत जे नवभूमी नांगरण्याचे रूपक आहे, ते मराठीत मातीपाशी पोहोचेपर्यंत दुसरेच होते. मराठीत माती पूज्य आहे आणि हीनही आहे. एखाद्या गोष्टीची माती होते, माणूस माती खातो, वस्तू मातीमोल होते, आप्ताला माती दिली जाते. प्रदर्शनांच्या पत्रकांतून माती सदैव जननी, स्मृती आणि मूळ म्हणून अवतरते. तिची ही दुसरी बाजू तेथे क्वचितच दिसते. याचा परिणाम आस्वादावरही होतो. क्लेअर टूमी या ब्रिटिश कलावतीने 2001 पासून मांडलेल्या एका रचनेत नाजूक चिनीमातीच्या फरश्यांवरून प्रेक्षकाला चालावे लागे आणि त्याच्या पायाखाली त्या चिरडत. समीक्षकांना ही कल्पना नवी वाटली, आणि कलादालनाच्या चौकटीत ती नवी होतीही. परंतु ज्या समाजात अग्नी देणारा खांद्यावर पाण्याचे मडके घेऊन चितेभोवती फिरतो, फेरीगणिक त्या मडक्याला छिद्र पाडले जाते आणि शेवटी ते मागे टाकून फोडले जाते, तेथील प्रेक्षकाला फुटण्याचा अर्थ कलादालनात जाऊन शिकावा लागत नाही. ज्याने तहान भागविली तेच मडके फुटते, म्हणून त्या फुटण्याला अर्थ येतो. फुटण्याकरिताच घडविलेल्या वस्तूच्या ठिकाणी हा अर्थ कितपत उतरतो, हा प्रश्न भारतीय समीक्षेने विचारावयास हवा होता.

परिभाषेच्या अभावी एखाद्या कृतीचे मर्म कसे हुकते, याचे उदाहरण रे मीकर यांच्या घरांत मिळते. मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 मध्ये पाँडिचेरी येथे गोल्डन ब्रिज पॉटरी स्थापन केली. स्टुडिओत काम करणाऱ्या भारतीय मृत्कलाकारांची एक पिढीच तेथे घडली. 1985 च्या सुमारास मीकर यांनी कच्च्या विटांची घरे बांधून ती जागच्या जागी भाजण्याचे प्रयोग आरंभले. घराच्या पोटात विटा व इतर कच्चा माल रचावयाचा आणि काही दिवस जाळ घालून घर व माल दोन्ही एकदम पक्के करावयाचे, अशी ती रीत. इंग्रजी लेखनात या घराला भट्टी म्हटले जाते. मराठी कुंभार ‘भट्टी’ आणि ‘आवा’ यांत भेद करतो. भट्टी ही बांधलेली, मागे उरणारी वास्तू होय. आवा दर खेपेस रचला जातो, आणि भाजावयाचे मडके हेच त्याच्या रचनेचे अंग असते. मीकर यांचे घर मागे उरते म्हणून भट्टी आहे, आणि स्वतःच भाजले जाते म्हणून आवा आहे. हे दोन शब्द हाताशी असल्यास त्या प्रयोगातील नावीन्य एका वाक्यात सांगता येते.

शब्दाने वस्तूचे आणि करणाऱ्याचेही मोल ठरते, याचा दाखला जपानात आहे. 1925 मध्ये यानागी सोएत्सु, हामादा शोजी आणि कावाइ कान्जिरो यांनी ‘मिंगेई’, म्हणजे लोकांची कला, हा शब्द घडविला आणि अनाम कारागिराच्या ओबडधोबड भांड्याला प्रतिष्ठा दिली. 1955 मध्ये हामादा यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान मिळाला. अनामतेचा गौरव करणारा शब्द शब्दकर्त्यालाच नामवंत करून गेला, हा विरोधाभास लपण्याजोगा नाही. तरीही त्या शब्दामुळे साध्या भांड्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली, हेही खरे. भारतात असा शब्द घडला नाही. 1919 मध्ये जपानला गेलेले सरदार गुरचरण सिंग यांनी त्याच वातावरणात शिक्षण घेतले आणि पुढे दिल्लीत निळ्या झिलईच्या भांड्यांची परंपरा उभी केली. परंतु त्यांच्यामागून आलेल्या पिढीने ‘पॉटर’ हा शब्द स्वतःसाठी घेतला आणि ‘कुंभार’ हा जातिवाचक म्हणून बाजूस ठेवला. बिहारातील कुंभार घराण्यात जन्मून भाईंदर येथे काम करणाऱ्या ब्रह्मदेव राम पंडित यांना 2013 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा हे दोन शब्द एका व्यक्तीच्या ठायी आले. हा अपवाद आहे.

अपवाद का, याचे उत्तर पुष्कळसे निवेदनाच्या वाक्यरचनेत आहे. निवासी कार्यशाळा, शिष्यवृत्ती किंवा प्रदर्शन यांच्या खुल्या आवाहनास उत्तर देताना कलाकाराला आपल्या कामाविषयी निवेदन लिहावे लागते, आणि ते बहुतांशी इंग्रजीत. या निवेदनांतील कर्ता बहुधा ‘कृती’ असतो आणि क्रियापदे ‘शोध घेणे’, ‘प्रश्न उपस्थित करणे’, ‘संवाद साधणे’ अशी असतात. मळणे, तुडवणे, थापटणे, वाळणे, तडकणे ही क्रियापदे तेथे आढळत नाहीत. साहित्याचा उल्लेख नामांच्या यादीपुरता उरतो. ज्याची सारी विद्या क्रियापदांत आहे, त्याला या व्याकरणात स्वतःविषयी काहीच सांगता येत नाही, आणि संधी त्याच्या दारावरून निघून जाते. याला परीक्षकांचा दुष्टावा म्हणता येणार नाही. त्यांच्या हाती आलेला कागदच तसा असतो.

मराठी समीक्षेने या इंग्रजी निवेदनांचे शब्दशः भाषांतर करण्याऐवजी कुंभारांची शब्दसंपत्ती गोळा करावी, ही सूचना सोपी वाटते. पण तिच्यातही अडचण आहे. मुंबईत सर्वांत सहज गाठता येणारा धारावीचा कुंभारवाडा हा मुख्यतः सौराष्ट्रातून आलेल्या गुजराती भाषकांचा आहे. रांजण, डेरा, सुगड, बोळके, परळ, येळणी यांतील सूक्ष्म भेद नोंदवावयाचे तर खेड्यांतच जावे लागेल, आणि लवकर जावे लागेल.

मडके विकत घेणारी बाई ते बोटाच्या पेराने वाजवून पाहते. नीट भाजलेले मडके खणखणीत वाजते, चिरलेले बद्द वाजते. जोर्वे संस्कृतीच्या मृद्भांड्यांचे वर्णन करताना पुरातत्त्वज्ञांनी त्यांचा धातूसारखा नाद हे एक लक्षण म्हणून नोंदविले आहे. आजच्या कलादालनात ‘हात लावू नये’ अशी पाटी असते, आणि समीक्षेत खणखणीत व बद्द हे दोन्ही शब्द अद्याप आलेले नाहीत.