अभिप्रायाचे दोन अर्थ : निसर्ग व प्रवास-छायाचित्रांच्या परीक्षणासंबंधी

'अभिप्राय' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. कर्त्याच्या मनातील हेतू वा आशय हा त्याचा एक अर्थ. कृती पाहून दुसऱ्याने दिलेले मत हा दुसरा. निसर्ग-छायाचित्रांवर किंवा प्रवास-छायाचित्रांवर मत देण्याचा प्रसंग आला म्हणजे या दोन अर्थांची फारकत झालेली पुष्कळदा आढळते. 'दृश्य किती रमणीय !' असे एकजण म्हणतो. हे मत वस्तुतः पर्वताविषयीचे असते. 'क्षितिज तिरके आहे, आकाश कोरे आहे' असे दुसरा म्हणतो. त्याने चित्राला केवळ एका नियमाची पट्टी लावलेली असते. पहिल्या मताने छायाचित्रकार सुखावतो आणि दुसऱ्याने खट्टू होतो. पुढच्या वेळी काय निराळे पाहावे हे मात्र त्याला दोहोंपैकी कोणीच सांगत नाही.

ही फारकत याच प्रकारात विशेष का व्हावी, याचे कारण उघड आहे. कवितेतील चंद्र कवितेबाहेर शोधावा लागत नाही. छायाचित्रातील शिखर मात्र कॅमेऱ्याआधीही होते व नंतरही असते. त्यामुळे स्थळाची भव्यता आणि प्रवासाचे कष्ट हे दोन्ही गुण नकळत चित्राच्या खात्यावर जमा होतात.

सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १८६३ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि पुढील काही वर्षांत त्याने हिमालयाच्या तीन मोठ्या सफरी केल्या. १८६६ च्या सफरीत सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत त्याने छायाचित्रे घेतली. त्या काळच्या पद्धतीत काचेवर कोलोडियनचा थर द्यावा लागे, ती काच रसायनात बुडवून ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे, आणि ती वाळण्यापूर्वी तंबूतील अंधारात चित्र प्रकट करावे लागे. हे साहस थोर होते यात शंका नाही. तथापि खिंडीची उंची हा चित्राचा गुण नव्हे. त्या काचेवर काय उमटले, चौकटीत काय घेतले व काय वगळले, एवढ्यावरच चित्राची परीक्षा व्हावयास हवी.

उलटपक्षी, बोर्नच्या काळातील निसर्गचित्रांत पुष्कळ ठिकाणी आकाश कोरे दिसते म्हणून नाक मुरडणेही तितकेच अन्यायाचे ठरेल. कोलोडियनची काच निळ्या प्रकाशाने अतिशय लवकर भारली जाई. जमिनीचे तपशील उमटेपर्यंत आकाश पार उजळून जाई. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास काही समुद्रचित्रांत आकाशाची एक आणि पाण्याची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून या अडचणीवर तोड काढली. म्हणजे कोरे आकाश ही आधी साधनाची मर्यादा होती. तोड सापडल्यानंतर ती काही अंशी निवडीची बाब झाली. परीक्षकाने हा भेद लक्षात घेतल्यावाचून 'दोष' हा शब्द उच्चारू नये.

दोषाचा विचार आपल्या साहित्यशास्त्राने पूर्वीच सूक्ष्मपणे केलेला आहे. जे मुख्य अर्थाची हानी करते ते दोष, अशी मम्मटाची भूमिका आहे. काही दोष नित्य, तर काही अनित्य, असेही या परंपरेने मानले : शृंगारात खटकणारी कठोर वर्णरचना रौद्र रसात शोभून दिसते. हीच कसोटी छायाचित्राला लावता येते. शांत सरोवराच्या चित्रात तिरके क्षितिज खटकेल. वादळात हेलकावणाऱ्या होडीवरून घेतलेल्या चित्रात तेच अर्थाला पोषक ठरेल. मुख्य अर्थ कोणता हे ठरविल्याशिवाय त्याची हानी झाली की नाही, हे ठरणार कसे ?

साधन आणि निवड यांतील भेदाचे ठळक उदाहरण ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराच्या चरित्रात आढळते. १९२७ च्या एप्रिलमध्ये योसेमिटी खोऱ्यातील हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर तो उभा होता, तेव्हा त्याच्याजवळ दोनच काचा उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळ्या फिल्टरमधून वापरली. आकाश फिके येईल आणि कड्याचा मनावर झालेला परिणाम चित्रात उतरणार नाही, हे ध्यानात येताच दुसरीसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टरने निळा प्रकाश अडविला, आकाश जवळजवळ काळे झाले आणि कडा त्यातून पुढे आला. स्थळ तेच, कॅमेरा तोच, वेळेचे अंतर थोडके. पालटली ती केवळ निवड. 'कडा भव्य आहे' हे मत या दोन्ही काचांना सारखेच लागू पडते. म्हणूनच ते चित्राविषयी काहीच सांगत नाही.

ॲडम्सचेच १ नोव्हेंबर १९४१ चे न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरील चंद्रोदयाचे चित्र आणखी एक गोष्ट शिकवते. स्मशानातील क्रुसांवरचा उजेड मावळत असल्यामुळे त्याला एकच निगेटिव्ह मिळाली. स्थळावर करण्याजोगे मग काही उरले नाही. परंतु १९४८ मध्ये त्याने त्या निगेटिव्हच्या खालच्या भागावर पुन्हा रासायनिक प्रक्रिया केली, आणि पुढील प्रतींत आकाश उत्तरोत्तर गडद होत गेले. यावरून अभिप्रायाचे दोन भाग पडतात : हातातील चित्रात अद्याप काय करता येईल, आणि पुढील प्रवासात काय करावे. पहिल्यात छायाप्रकाश व काटछाट येते; दुसऱ्यात उभे राहण्याची जागा, ऋतू, प्रहर आणि धीर. या दोहोंची गल्लत झाली की सल्ला निरुपयोगी होतो.

पावसाळ्यात राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून कोणी सुवेळा माचीचे छायाचित्र घेतले आहे, असे समजावे. धुक्यातून माचीची निमुळती धार पुढे गेली आहे आणि चौकटीच्या कडेला कोणाचा तरी पिवळा रेनकोट अर्धवट आला आहे. 'राजगड म्हणजे काय बोलावे !' हा अभिप्राय नव्हे. जाणता परीक्षक प्रथम जे दिसते ते सांगेल : नजर धारेवरून निघते आणि धुक्यात शिरण्याआधीच रेनकोटाकडे ओढली जाते. मग विचारील : धारेचे एकाकीपण दाखवावयाचे होते, की त्यावरून चालणारा माणूस ? एकाकीपण असेल तर कड कापावी. माणूस असेल तर तो धारेवर येईपर्यंत थांबावयास हवे होते. निर्णय शेवटी येतो, आणि कारणासह येतो म्हणून तो बोचला तरी उपयोगी पडतो.

यावर असा आक्षेप येईल की कर्त्याचा हेतू साधला म्हणजे चित्र उत्तम, असे मानावे काय ? तसे मानता येणार नाही. हिमालयाची दृश्ये छायाचित्राच्या चौकटीत नीट बसत नाहीत, अशी तक्रार बोर्नने आपल्या प्रवासलेखांत केली; झाडी, पाणी, पूल यांनी सजलेल्या इंग्रजी निसर्गचित्रांच्या अभिरुचीने त्याची दृष्टी घडलेली होती. अशा ठिकाणी परीक्षकाने हेतूचीही परीक्षा केली पाहिजे : हे पाहणे त्या स्थळातून आले, की घरून बांधून आणले ? हाच प्रश्न आज प्रसिद्ध स्थळी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या प्रहरी घेतलेल्या असंख्य चित्रांनाही विचारता येतो. तो सौम्यपणे विचारता येतो. पण टाळता येत नाही. कर्त्याचा अभिप्राय समजून घेतल्यावरच परीक्षकाला आपला अभिप्राय देण्याचा अधिकार पोचतो, आणि तो समजल्यावर स्पष्टपणे देण्याचे कर्तव्यही त्याच्याकडे येते.