कर्करोगावर पालेभाजीचा उतारा?

‘पालेभाज्या, गाजर, आवळा खा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळा’ अशा आशयाचा मजकूर आरोग्यविषयक पुरवण्यांत नेहमी दिसतो. शाळेच्या भित्तिपत्रकावर तो उतरवण्यापूर्वी त्यामागचा तर्क तपासून पाहू.

त्याला आधार अगदीच नाही असे नाही. हा रोग झालेल्या स्त्रियांच्या आहारात फोलेट, कॅरोटीन, क जीवनसत्त्व कमी असल्याचे काही पाहण्यांत आढळले. पण ज्या घरात भाजी कमी, त्याच घरात बहुधा लवकर लग्न, अधिक बाळंतपणे आणि दवाखानाही दूर. मग दोष कशाचा? 1990 च्या दशकात अमेरिकेत कर्करोगपूर्व बदल झालेल्या स्त्रियांना फॉलिक आम्लाच्या गोळ्या देऊन पाहिल्या. औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा त्यांना अधिक गुण आला नाही.

मूळ कारण आहे एचपीव्ही हा विषाणू. ते दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेकींच्या शरीरातून हा विषाणू वर्षा-दोन वर्षांत नाहीसा होतो. थोड्याजणींत तो ठाण मांडतो आणि त्यातून कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. पोषणाचा हातभार लागलाच तर विषाणू हटवण्यात लागेल. संसर्ग त्याने टळत नाही. तपासणीला मात्र ही मधली वर्षे मिळतात.

नगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्याला लागून उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा आहे. तिथल्या 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. एकदाच केलेली एचपीव्ही तपासणी व त्यानंतरचे उपचार यांमुळे आठ वर्षांत या रोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्मे झाले. गावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटांत वाटलेली होती. त्यामुळे दोन्ही गटांतली भाकरी-भाजी सारखीच धरता येते, फरक तपासणीचा.

मग आहाराविषयी बोलूच नये का? जरूर बोलावे. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली सुरू केलेल्या प्रकल्पात गावच्याच बायका आरोग्यसेविका झाल्या. अन्न, पाणी, बाळंतपण यांचा तिथे एकत्र विचार झाला. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईला पोटभर सकस अन्न मिळावे, यासाठी कर्करोगाची भीती घालावी लागत नाही.

उताऱ्याची भाषा मात्र दुहेरी नुकसान करते. निरोगी बाई तपासणी टाळते आणि आजारी बाईला ‘तूच नीट खाल्ले नाहीस’ हे ऐकावे लागते. भित्तिपत्रकावर भाजीचे चित्र खुशाल असू द्यावे. त्याशेजारी 9 ते 14 वयाच्या मुलींसाठीची लस आणि तिशीनंतरची तपासणी ठळक अक्षरांत हवी.