अर्थ मिळत नाहीये

किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली नाही, की आपल्याला एवढेच कळते: चालू झाली नाही. साताऱ्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला मात्र त्या न चालू होण्यातही निरनिराळे आवाज ऐकू येतात. टकटकटकटक अशी झड लागली, तर बॅटरी उतरलेली. सेल्फला, म्हणजे स्टार्टर मोटरला, वीज जोडणारे सोलेनॉइड खेचले जाते, सेल्फ फिरू पाहतो, त्यासरशी व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटते, व्होल्टेज सावरते आणि ते पुन्हा खेचले जाते. एकच जाड ‘टक्’ आणि मग शांतता, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या जाड वायरीवर. माझ्या गाडीचा आवाज या दोन्हींत बसणारा नव्हता. सेल्फ फिरत होता, पण घाटात दमलेल्या माणसासारखा. आणि तीन-चार दिवसांआड एखाद्या सकाळी तो हरायचा.

आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. त्या सकाळी त्यांनी केलेले निदान मी शेजारी उभा राहून पाहिले. आवडती कविता पाठ असावी तसे ते मला पाठ आहे, आणि ओळीओळीने उलगडून दाखवावे इतके सुंदर आहे.

आधीची हकिगत थोडक्यात. दीड वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या होत्या. दुसरी सात महिन्यांची, आणि तीही गेल्याचे एका दुकानात सांगितले होते. मी तिसरीच्या तयारीने आलो होतो.

“मामा, बॅटरी बदलायचीय.”

“बदलू की. आधी बघू तरी.”

त्यांनी मल्टिमीटर लगेच लावला नाही. दोन मिनिटे हेडलाइट लावून ठेवले, मग बंद केले, थोडे थांबले. गाडी नुकती चालून आली असली की बॅटरीच्या प्लेटांवर वरवरचा चार्ज साचलेला असतो आणि आकडा फुगून दिसतो. ती सूज आधी उतरवायची. मग मीटर लावला: १२.२.

हा आकडा वाचायला शिकावे लागते. गाडीच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. गास्तोँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे आणि सल्फ्युरिक ॲसिडची ही जोडी जुळवली, ती मुळात आजही तीच आहे. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते, अर्धी १२.२, आणि १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. म्हणजे भरलेपणापासून रिकामेपणापर्यंतचा सगळा प्रवास अर्ध्या-पाऊण व्होल्टात. दुकानातही हाच आकडा दिसला असणार. तिथे त्याचा अर्थ लावला: बॅटरी वाईट. मामांनी लावला: बॅटरी अर्धी. एका वाचनाशेवटी पूर्णविराम, दुसऱ्याशेवटी प्रश्नचिन्ह. अर्धी का?

रात्री काही गळते का, ही शक्यता त्यांनी पटकन मिटवली. दार उघडे ठेवून त्याच्या लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने आत ढकलली, म्हणजे गाडीला दार बंद झाल्यासारखे वाटते. मग मीटर बॅटरीच्या निगेटिव्हला सिरीजमध्ये जोडून ते चहा घेत बसले. गाडीतले छोटे संगणक झोपी जायला वीस-तीस मिनिटे लागू शकतात. त्याआधी घेतलेला आकडा खोटा. आला तो २५ मिलिॲम्पिअर. पन्नासपर्यंत चालते.

पुढे इंजिन चालू, दिवे चालू, एसीचा ब्लोअर पूर्ण वेगात. बॅटरीवर १३.६. इथे घाई करणारा अल्टरनेटर उतरवायला घेतो. काही जण तर तपासणी म्हणून चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनलच काढतात. डायनामोच्या काळातली ही सवय आहे. आजच्या गाडीत त्या क्षणी उसळणारे व्होल्टेज एखादा कंट्रोल युनिट जाळू शकते, आणि हे करताना कुणी दिसला की मला मनापासून राग येतो. मामांनी १३.६ नुसता लक्षात ठेवला. त्यावर काहीच बोलले नाहीत.

आता ज्या ओळीसाठी हे सगळे लिहितो आहे, ती. त्यांनी इंधन पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन पेटणार नाही. मला किल्ली मारायला सांगितले. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन खुंटांवर १०.६. साडेनऊच्या वर आहे, म्हणजे अर्धी असूनही बॅटरी तग धरते आहे. मग सेल्फ दमतो का? मामांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर टेकवली आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. “मारा.”

या कृतीचे सौंदर्य ध्यानात घ्या. व्होल्टमीटर आपण एरवी जिथे फरक असायला हवा तिथे लावतो. इथे तो अशा दोन जागी लावला, ज्या विजेच्या दृष्टीने एकच असायला हव्यात. बरोबर उत्तर जवळजवळ शून्य, फार तर ०.२. मीटरवर आले १.८.

हा दोष वायरीचा रेझिस्टन्स मोजून सापडला नसता. सेल्फ सुमारे १२० ॲम्पिअर ओढत होता, १.८ ला १२० ने भागा, तर ०.०१५ ओहम. मीटरच्या स्वतःच्या पिनांचा आणि वायरींचा रेझिस्टन्स याहून मोठा असतो, त्यात हा बुडून जातो. भार पडला की मात्र तोच किरकोळ अडथळा जवळजवळ दोन व्होल्ट गिळतो. ओहमने हा हिशेब १८२७ साली मांडून ठेवला. पण निवांत असलेल्या वायरीला काही विचारून उपयोग नाही, ती ओझ्याखाली असतानाच विचारायचे, हे शहाणपण गॅरेजचे.

मामा एवढेच म्हणाले, “अर्थ मिळत नाहीये.”

इंग्रजीतला अर्थिंगचा शब्द आपल्या गॅरेजात येऊन ‘अर्थ’ झाला, आणि अर्थ या आपल्या जुन्या शब्दाशी अक्षरशः एक झाला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे ते बॉडीपासून तुटलेले असते. त्याच्यातून बॅटरीकडे परतणाऱ्या सगळ्या करंटची वाट म्हणजे तांब्याच्या तारा विणलेली एक पट्टी. आमच्या गाडीत ती गिअरबॉक्सच्या बोल्टखाली होती. वरून ठीक दिसायची. बोल्ट सोडल्यावर खाली हिरवी-पांढरी भुकटी निघाली.

निदान इथेच संपले असते तरी चांगले ठरले असते. मामा मात्र मागे ठेवलेल्या १३.६ कडे वळले. इंजिन पुन्हा चालू केले आणि या वेळी थेट अल्टरनेटरवर मोजले: १४.२. मला तो क्षण अजून आठवतो. अल्टरनेटरचा अर्थसुद्धा इंजिनमधूनच, त्याच पट्टीतून जातो. चाळीस ॲम्पिअरच्या भाराला तोच ०.०१५ ओहम ०.६ व्होल्ट खातो. १४.२ मधून ०.६ वजा करा. म्हणजे अल्टरनेटर निर्दोष होता, बॅटरी निर्दोष होती, आणि बॅटरीला रोज थोडे कमी वाढले जात होते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत १३.६ वर ती कधी पूर्ण भरत नव्हती. अर्ध्या भरलेल्या बॅटरीत प्लेटांवरचे लेड सल्फेट हळूहळू कडक होत जाते आणि मग ती खरोखरच मरते. पहिली तशीच गेली, दुसरी त्या वाटेवर होती. सेल्फचा दम आणि बॅटरीची उपासमार या दोन वेगळ्या तक्रारी एका बोल्टखाली येऊन मिळाल्या.

नव्या पुष्कळ गाड्यांत संगणक इंधन वाचवण्यासाठी चार्जिंगचे व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. तिथे एकटा १३.६ काहीच सिद्ध करत नाही. दोन जागांची तुलना तिथेही बोलते.

नवी पट्टी, तारेच्या ब्रशने घासलेली जागा, घट्ट बोल्ट. फरक ०.१ वर आला आणि बॅटरीवर १४.१ दिसू लागले. बॅटरी रात्रभर चार्जरवर हळूहळू भरली. दुसऱ्या दिवशी विश्रांतीत १२.६. पट्टीचा खर्च बॅटरीच्या किमतीच्या दहाव्या भागाइतकाही नव्हता. त्या बॅटरीचा हा चौथा पावसाळा.

तुमच्या गाडीची बॅटरी गेली असे कुणी सांगितले, तर पैसे देण्याआधी एक आकडा मागा: सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत किती व्होल्ट पडतात. मीटर लावणाऱ्याला हे मोजायला मिनिटभर लागते.