टॅब्लेट संगणक आणि शालेय अध्ययन : लॉस एंजेलिसच्या प्रयोगाची चिकित्सा

शैक्षणिक साधनाचे मूल्य त्याच्या वाटपावरून ठरवावे की अध्यापनातील उपयोगावरून, हा प्रश्न अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या सार्वजनिक शाळांमुळे तीव्रतेने पुढे आला. २०१३ मध्ये तेथील शालेय मंडळाने ॲपल कंपनीशी करार करून प्रत्येक विद्यार्थ्यास आयपॅड देण्याची योजना आखली. पहिल्या टप्प्यात ४७ शाळा होत्या. निर्धन विद्यार्थ्यांनाही संपन्नांइतकीच संधी मिळावी, हा तिचा हेतू निःसंशय स्तुत्य होता.

तथापि, पिअरसन या प्रकाशनसंस्थेचा संगणकीय अभ्यासक्रम वाटपाच्या वेळी अपूर्णच होता. काही शाळांतील विद्यार्थ्यांनी अल्पावधीतच सुरक्षाबंधने दूर केली. परिणामी आयपॅड घरी नेण्यावर निर्बंध आले. २०१४ च्या स्वतंत्र मूल्यमापनात पाहणी केलेल्या २४५ वर्गांपैकी केवळ एका वर्गात हा अभ्यासक्रम वापरात आढळला. त्याच वर्षी करारांतर्गत पुढील खरेदी थांबविण्यात आली.

या अपयशाचे खापर विद्यार्थ्यांच्या बेशिस्तीवर फोडणे अन्यायाचे ठरेल. उर्वरित २४४ वर्गांत अभ्यासक्रम का पोहोचला नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. आधी उपकरण, मग अभ्यासक्रम आणि सर्वांत शेवटी शिक्षक, हा योजनेचा क्रमच सदोष होता. ज्यांच्या नावे हा खर्च झाला, त्या निर्धन विद्यार्थ्यांच्या पदरी मात्र उपकरणाखेरीज फारसे काही पडले नाही. म्हणून अशा योजनांचे परीक्षण करताना किती टॅब्लेट वाटले यापेक्षा, किती शिक्षकांना त्यांच्या साहाय्याने आपला पाठ अधिक चांगला शिकविता आला, हेच प्रथम विचारले पाहिजे.