मांत्रिकाचा शब्द आणि चोराचा फासा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या भूमिकाखेळात मांत्रिक इतर पात्रांहून प्रबळ ठरतो, ही तक्रार जुनीच आहे. तिचे मूळ बहुधा प्रहारांच्या आकड्यांत शोधले जाते. वस्तुतः ते वाक्यांच्या स्वरूपात आहे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत चोराने कुलूप उघडावयाचे म्हणजे ‘मी प्रयत्न करतो’ एवढेच म्हणावयाचे. पुढचा निर्णय त्याचे कौशल्य व फासा यांचा. मांत्रिकाने ‘नॉक’ हा मंत्र उच्चारला की मात्र कुलूप उघडलेच. एकाचे वाक्य ही विनंती, तर दुसऱ्याचे वाक्य हीच कृती. ऑस्टिनने वर्णिलेल्या कृतिरूप उक्तीसारखे काहीसे. मंत्रांची दैनिक संख्या बांधून दिल्याने हा भेद मिटत नाही, कारण मर्यादा पडते ती संख्येवर, अधिकारावर नव्हे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सर्व वर्गांच्या शक्ती एकाच साच्यात बसविल्या. समतोल साधला खरा, पण योद्धा आणि मांत्रिक एकच भाषा बोलू लागले! (जुन्या खेळाडूंपैकी अनेकांना हे रुचले नाही, यात नवल ते काय?) २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने काढलेली तोड अधिक मार्मिक म्हणावी लागेल. तोच मंत्र तेथेही कुलूप उघडतो; परंतु त्याचा ठोका ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो, आणि पहारेकरी जागा होतो की नाही हे मांत्रिकाच्या शब्दाबाहेरच राहते.